देश बदललेल्या समूह-जिम्नॅस्टची कारकीर्द मराठीत कशी लिहावी

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सोलापुरात क्रीडालेखनाचा एक छोटा वर्ग घेते. कुस्ती, खो-खो, क्रिकेट यांवर मुले सहज लिहितात. पण अलीकडे वर्गातल्या मुलींना रिदमिक जिम्नॅस्टिक्सची (संगीताच्या तालावर हूप म्हणजे मोठे कडे, चेंडू, रिबन म्हणजे लांब फीत अशी साधने घेऊन करायच्या जिम्नॅस्टिक्सची), आणि त्यातही पाच जणींनी मिळून सादर करायच्या प्रकाराची, विशेष ओढ लागली आहे. त्यांच्यापैकी एकीने अशा एका खेळाडूवर लेख लिहायला घेतला, जी आधी एका देशाच्या राष्ट्रीय संघातून खेळली आणि पुढे दुसऱ्या देशाच्या संघात गेली. तिसऱ्या परिच्छेदात ती अडली आणि वही घेऊन माझ्याकडे आली. ‘बाई, हे पदक नक्की कोणाचं म्हणायचं?’ असा तिचा प्रश्न होता. पदक एकटीचे नाही, पाच जणींचे आहे. आणि ते ज्या देशाच्या खात्यावर आहे, त्या देशाकडून ती आता खेळत नाही. अशा कारकिर्दीविषयी लिहिताना जवळजवळ सगळ्या चुका या दोन गोष्टींच्या गुंत्यातून होतात. म्हणून प्रत्येक ओळ लिहिताना दोन प्रश्नांची उत्तरे हाताशी असावीत, असा माझा आग्रह आहे: त्या दिवशी ती कोणत्या झेंड्याखाली उभी होती, आणि तिच्याबरोबर चौकात, म्हणजे सादरीकरणाच्या चौरस जागेत, कोण होते.

शब्द आधी ठरवून घ्यावेत

मराठीत पहिली अडचण शब्दांचीच येते. आपल्या शालेय स्पर्धांमुळे ‘गट’ म्हटले की १४ वर्षांखालील, १७ वर्षांखालील असा वयोगट डोळ्यांसमोर येतो. ‘सांघिक’ म्हटले की वैयक्तिक कामगिरीचे गुण एकत्र करून ठरणारे विजेतेपद आठवते, आणि तसे सांघिक विजेतेपद रिदमिक जिम्नॅस्टिक्समध्येही असते. पाच जणींनी एकाच वेळी, एकाच चौकात सादर करायचा प्रकार या दोन्हींपेक्षा वेगळा आहे. त्यासाठी मी ‘समूह’ हा शब्द वापरते आणि लेखात तो पहिल्यांदा येतो तिथेच त्याचा अर्थ एका वाक्यात सांगते. चौक १३ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद असतो. पुरुषांच्या कबड्डीच्या मैदानाची लांबी तेवढीच असते, असे सांगितले की आपल्या वाचकाला अंदाज येतो. सादरीकरण सव्वादोन ते अडीच मिनिटांचे असते. ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक प्रकार १९८४ साली लॉस एंजेलिसला आला आणि समूहाचा प्रकार १९९६ साली अटलांटाला. ऑलिंपिकमध्ये या खेळाची सुवर्णपदके दोनच असतात, एक वैयक्तिक आणि एक समूहाचे. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत मात्र समूहाच्या दोन्ही रचनांचे (वेगवेगळ्या साधनांच्या दोन सादरीकरणांचे) एकत्रित पदक वेगळे आणि प्रत्येक रचनेच्या अंतिम फेरीचे पदक वेगळे असते. त्यामुळे ‘जागतिक सुवर्णपदक’ एवढेच लिहिले, तर वाचकाला निम्मीच माहिती मिळते.

वहीचे पान आडवे धरावे

लेख लिहायला बसण्याआधी वहीचे पान आडवे धरून सहा रकाने आखावेत: तारीख, स्पर्धा आणि गाव, झेंडा, साधने, चौकात उतरलेल्या पाच जणींची नावे, निकाल. हे पान भरल्याशिवाय पहिला परिच्छेद लिहू नये. वर्गातल्या मुलांना हे काम कंटाळवाणे वाटते, पण खरे लेखन याच पानावर होते.

झेंड्याच्या रकान्यात ‘देश’ असे मथळ्याला लिहू नये, हे मी एका मोठ्या खेळाडूच्या उदाहरणावरून शिकले. ओक्साना चुसोवितिना ही रिदमिक प्रकारातली नव्हे, तर कलात्मक जिम्नॅस्टिक्समधली (व्हॉल्ट, दांड्या अशा उपकरणांवरच्या प्रकारातली) खेळाडू. तिने आठ ऑलिंपिक खेळली. १९९२ साली बार्सिलोनात तिने माजी सोव्हिएत प्रजासत्ताकांच्या संयुक्त संघातून सांघिक सुवर्ण मिळवले. १९९६, २००० आणि २००४ या तीन ऑलिंपिकमध्ये ती उझबेकिस्तानकडून खेळली, २००८ आणि २०१२ साली जर्मनीकडून, आणि त्यानंतर रिओ व टोकियो येथे पुन्हा उझबेकिस्तानकडून. बीजिंगचे (२००८) व्हॉल्टमधले रौप्य जर्मनीच्या खात्यावर आहे. १९९२ चा तो संयुक्त संघ म्हणजे कोणताही एक देश नव्हता. टोकियोमध्ये रशियाच्या खेळाडू ‘आरओसी’ (रशियन ऑलिंपिक समिती) या नावाखाली उतरल्या, तेही देशाचे नाव नव्हते. म्हणून रकान्यात त्या दिवशीच्या गुणपत्रकावर जे नाव होते तेच लिहावे. आजच्या नकाशाप्रमाणे ते दुरुस्त करू नये.

साधनांचा रकाना मुले रिकामा ठेवतात, आणि नेमका तोच सर्वांत उपयोगी पडतो. समूहाची साधने आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघ ठरवतो आणि काही वर्षांनी ती बदलतात. वरिष्ठ समूहांसाठी २०१५ व २०१६ साली एका रचनेत पाच रिबन होत्या आणि दुसरीत क्लबच्या (मुगदलासारख्या हातातल्या दांड्यांच्या) तीन जोड्या व दोन हूप. २०१७ व २०१८ साली पाच हूप, आणि तीन चेंडू व दोन दोऱ्या. २०१९ पासून २०२१ पर्यंत लांबलेल्या टोकियो ऑलिंपिकपर्यंत पाच चेंडू, आणि तीन हूप व क्लबच्या दोन जोड्या. २०२२ ते २०२४ पुन्हा पाच हूप, आणि तीन रिबन व दोन चेंडू. २०२५ पासून पाच रिबन, आणि तीन चेंडू व दोन हूप. तारीख नसलेले छायाचित्र हाती आले आणि त्यात पाच चेंडू दिसले, तर वरच्या वर्षांपैकी ते कोणत्या काळातले आहे हे लगेच कळते. संघ बदललेल्या खेळाडूच्या बाबतीत तर याच एका रकान्यावरून छायाचित्र जुन्या झेंड्याखालचे की नव्या, याचा निवाडा होऊ शकतो. कनिष्ठ समूहांची साधने वेगळी असतात, तेवढे मात्र आधी तपासावे.

निकालाच्या रकान्यात क्रमांक लिहावा आणि गुण लिहायचेच असतील तर वर्षासह लिहावेत. रिओमध्ये (२०१६) एका सादरीकरणाला जास्तीत जास्त २० गुण मिळू शकत होते. २०१८ पासून काठिण्याच्या गुणांवरची कमाल मर्यादा काढली गेली, आणि २०२२ पासून कलात्मकतेचे गुण स्वतंत्रपणे दिले जाऊ लागले. जुन्या देशाकडून १८ आणि नव्या देशाकडून २७ गुण मिळाले, म्हणजे नव्या संघात गेल्यावर तिची प्रगती झाली, असा निष्कर्ष एका विद्यार्थ्याने काढला होता. त्या दोन आकड्यांची तुलनाच होऊ शकत नाही.

पाच जणींतली एक ओळखताना

समूहाच्या निकालपत्रकात ठळकपणे दिसते ते देशाचे नाव. मुलींची नावे वेगळ्या यादीत असतात, आणि त्या यादीत कधी पाच तर कधी सहा नावे असतात, कारण जागतिक स्पर्धेत सहावी मुलगी एका रचनेपुरती चौकात उतरू शकते. अटलांटाला स्पेनच्या समूहाने पहिले ऑलिंपिक सुवर्ण जिंकले, तेव्हा चौकात एका वेळी पाच जणी होत्या आणि पदक सहा जणींना मिळाले. काही वर्षांपूर्वी एका साप्ताहिकासाठी लिहिताना मी एका खेळाडूला दोन्ही अंतिम फेऱ्यांत उतरवले होते. प्रत्यक्षात दुसऱ्या फेरीत तिच्या जागी सहावी मुलगी होती. यादी पाहिली होती, चित्रफीत पाहिली नव्हती. तेव्हापासून चित्रफीत पाहिल्याशिवाय मी पाचवा रकाना भरत नाही.

चित्रफीत पाहणे वाटते तितके सोपे नाही. पाचही जणींचा पोशाख एकसारखा, केस एकाच पद्धतीने घट्ट बांधलेले, उंची जवळजवळ सारखी. सोलापूरच्या मे महिन्यात, पंख्याखाली बसून आम्ही पाच हूपची एक रचना पाव वेगाने लावली आणि प्रत्येकाला एकेक मुलगी वाटून दिली. पहिल्याच अदलाबदलीनंतर वर्गातले निम्मे जण चुकीच्या मुलीवर पोहोचले. पाचही हूप एकाच क्षणी हवेत उडाले, प्रत्येकीने दुसरीचा हूप झेलला, आणि आमच्या मुलांचे डोळे मुलीऐवजी हूपमागे गेले. पूर्व भागातल्या एका विद्यार्थिनीचे आजोबा मागावर बसत असत. ती म्हणाली, ‘आजोबा सांगतात, धोट्यामागे डोळे पळवायचे नाहीत, कापडाच्या काठावर ठेवायचे.’ आम्ही चित्रफीत पुन्हा सुरुवातीपासून लावली. साधनाकडे न पाहता तिच्या खांद्यांकडे पाहायचे, सुरुवातीच्या रचनेत ती डावीकडून कितवी उभी आहे हे टिपायचे, घोट्याला पट्टी असेल तर ती लक्षात ठेवायची. चौथ्या खेपेला सगळ्यांची उत्तरे जुळली.

ही अदलाबदल लेखात एकदा तरी नीट वर्णन करावी. सोलापूरकर वाचकाला मी संक्रांतीच्या मिरवणुकीतल्या नंदीध्वजाची आठवण करून देते. उंच काठी एकाकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा ती कलू नये म्हणून देणारा आणि घेणारा दोघेही श्वास रोखून असतात. इथे देणारी आणि घेणारी यांच्यामध्ये कित्येक मीटर अंतर असते आणि झेलणारीची पाठही कधी कधी साधनाकडे असते. जिच्या हातून साधन निसटले तिची चूक दिसते, पण फेक किंचित आखूड पडली असेल तर चूक फेकणारीची असू शकते. म्हणून ‘तिच्यामुळे पदक हुकले’ असे वाक्य कोणत्याही समूह-खेळाडूबद्दल लिहू नये. संघ बदललेल्या खेळाडूबद्दल तर मुळीच लिहू नये, कारण वाचक लगेच त्या चुकीचा आणि संघ सोडण्याचा संबंध जोडतो.

संघ बदलला म्हणजे नेमके काय बदलले

जन्माचे ठिकाण, नागरिकत्व आणि राष्ट्रीय संघ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. दार्या वार्फोलोमेएव हिचा जन्म रशियातल्या बर्नाउलचा. ती लहान वयात जर्मनीला आली आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिने जर्मनीसाठी वैयक्तिक सुवर्ण जिंकले. तिच्याबद्दल ‘रशियाचा वरिष्ठ संघ सोडून गेली’ असे लिहिणे चूक आहे, कारण वरिष्ठ पातळीवर ती जर्मनीकडूनच खेळत आली. अलिया गारायेवा हिचाही जन्म रशियातला. तिने अझरबैजानचे प्रतिनिधित्व केले आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक प्रकारात चौथी आली. दोघींसाठी एकच वाक्य चालत नाही. हा फरक सोलापुरात समजावून सांगावा लागत नाही. माझ्या वर्गात घरी तेलुगू आणि शाळेत मराठी बोलणारी मुले असतात. पणजोबा तेलंगणातून आले आणि आपण सोलापूरचे, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असतात हे त्यांना ठाऊक असते.

आपल्या वाचकाला ओळखीचा असलेला बदल म्हणजे महाराष्ट्राचा खेळाडू नोकरी लागल्यावर रेल्वे किंवा सेनादलाकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळतो तो. तो दाखला द्यावा, पण तिथेच थांबू नये, कारण राष्ट्रीय संघ बदलताना नागरिकत्वाचा प्रश्न येतो. भारतात १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार दुहेरी नागरिकत्व नाही; स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. अनेक देशांत तसे नसते. त्यामुळे खेळाडूने नव्या देशाचे नागरिकत्व घेतले, एवढ्यावरून तिने जुने सोडले असे मराठी लेखक गृहीत धरतो आणि चुकतो.

नियमाची तारीख कशी मोजायची, हे तर आवर्जून शिकावे. ऑलिंपिक सनदेच्या नियम ४१ च्या पोटनियमाप्रमाणे, एका देशाचे प्रतिनिधित्व करून नागरिकत्व बदललेल्या खेळाडूला जुन्या देशाकडून शेवटचे खेळल्यापासून किमान तीन वर्षे लोटल्यावर नव्या देशाकडून ऑलिंपिक खेळता येते. दोन्ही देशांच्या ऑलिंपिक समित्या आणि आंतरराष्ट्रीय महासंघ यांची संमती असेल, तर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे कार्यकारी मंडळ ही मुदत कमी किंवा रद्दही करू शकते. मोजणी पासपोर्टच्या तारखेपासून होत नाही, शेवटच्या स्पर्धेपासून होते. समजा, एक खेळाडू जुन्या देशाकडून शेवटची स्पर्धा जून २०१८ मध्ये खेळली. टोकियो ऑलिंपिक ठरल्याप्रमाणे २०२० साली झाले असते, तर सवलतीशिवाय ती अपात्र ठरली असती. ते ऑगस्ट २०२१ पर्यंत लांबल्यामुळे तीच खेळाडू पात्र ठरते. तिची शेवटची स्पर्धा सप्टेंबर २०१८ मधली सोफियाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा असेल, तर मात्र लांबलेल्या टोकियोसाठीही तीन वर्षे भरत नाहीत. वहीतला तारखेचा रकाना दिवसासह भरायचा तो यासाठी.

मधल्या काळात पानावर काहीच नोंद सापडत नाही. त्या मोकळ्या जागेत ‘तिची कारकीर्द झाकोळली’ किंवा ‘ती विस्मृतीत गेली’ असे लिहिण्याचा मोह होतो. खरे तर त्या काळात ती बहुधा रोज सराव करत असते, नव्या चौघींच्या लयीत स्वतःला बसवत असते, आणि नव्या देशाच्या समूहाला पात्रता मिळाली तरी आपली निवड होईलच याची खात्री तिला नसते, कारण समूहाची ऑलिंपिक जागा देशाची असते, खेळाडूंची नसते. ऑलिंपिकला जेमतेम १४ समूह जातात आणि प्रत्येकात पाचच जणी. ही मोकळी जागा लेखात मोकळीच दाखवावी: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आंतरराष्ट्रीय स्पर्धेत नोंद नाही. मला स्वतःला अशा कारकिर्दीतला सर्वांत हलवून टाकणारा भाग तोच वाटतो.

कारणांविषयी

तिने संघ का बदलला, हे तिने स्वतः सांगितले असेल तर तिच्या शब्दांच्या जवळ राहून लिहावे. नसेल तर परिस्थिती सांगावी आणि थांबावे. परिस्थिती सांगता येते. रशिया, बल्गेरिया यांसारख्या देशांत समूहाच्या मोजक्या जागांसाठी उत्तम मुलींची मोठी रांग असते; रशियाने २००० ते २०१६ अशी सलग पाच समूह-सुवर्णे जिंकली, टोकियोला बल्गेरियाने ती मालिका तोडली आणि पॅरिसला चीन पहिला, इस्राएल दुसरा आणि इटली तिसरा आला. मार्च २०२२ पासून आंतरराष्ट्रीय महासंघाने रशिया आणि बेलारूस यांच्या खेळाडूंना स्पर्धांतून दूर ठेवले. २०२४ च्या सुरुवातीपासून तटस्थ खेळाडू म्हणून, म्हणजे देशाच्या झेंड्याशिवाय, वैयक्तिक प्रवेशाची वाट उघडली, पण पॅरिसमध्ये समूहांना ती नव्हती. एकटीने खेळणारीपुढे जो पर्याय होता, तो समूहातल्या मुलीपुढे नव्हता, हे सांगितल्याशिवाय त्या वर्षांतल्या बदलांचा अर्थ लागत नाही.

जुन्या महासंघाची संमती हाही मोठा विषय असतो. फ्रान्सकडून अल्जेरियाकडे गेलेल्या केलिया नेमूर हिच्या बाबतीत त्यावरून बराच वाद झाला. पुढे तिने पॅरिसला असमान दांड्यांवर अल्जेरियासाठी सुवर्ण जिंकले. ती कलात्मक प्रकारातली आणि एकटीने खेळणारी असली, तरी संमतीचा प्रश्न कसा उभा राहतो हे दाखवायला हे उदाहरण चांगले आहे. मात्र ‘पक्षांतर’, ‘मायदेशाकडे पाठ फिरवली’ असे राजकारणातले किंवा नाट्यमय शब्द इथे आणू नयेत. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने पालकांच्या सहीने घेतलेल्या निर्णयाला ते शब्द लावणे मला अन्यायाचे वाटते.

क्रियापद आणि नाव

मराठीचे क्रियापद या कामात मदत करते. ‘तिने सुवर्ण जिंकले’ याऐवजी ‘ती ज्या समूहात होती त्याने सुवर्ण जिंकले’ किंवा नुसते ‘त्या पाच जणींनी सुवर्ण जिंकले’ असे लिहावे. ‘जणी’ हा शब्द आपल्या भाषेत आहे, तो भरपूर वापरावा. नावांचे लेखन मात्र कसोटी पाहते. एकच मुलगी बेलारूसच्या यादीत अलियाक्सांद्रा असते आणि रशियन वळणाने अलेक्सांद्रा. युक्रेनी हान्ना दुसरीकडे आन्ना होते. संघ बदलल्यावर स्पेलिंगही बदलते आणि मराठी वाचकाला त्या दोन वेगळ्या खेळाडू वाटतात. पहिल्या उल्लेखात दोन्ही रूपे द्यावीत आणि पुढे तिच्या सध्याच्या संघाच्या यादीतले रूप कायम ठेवावे.

शेवटच्या नोंदीबाबत एक सावधगिरी बाळगावी. समूहातली खेळाडू निवृत्तीची घोषणा क्वचितच करते. एका मोसमानंतर तिचे नाव यादीत येत नाही, इतकेच. अशा वेळी ‘निवृत्त झाली’ असे न लिहिता, ज्या स्पर्धेत ती शेवटची दिसली तिची तारीख लिहावी. माझ्या त्या विद्यार्थिनीनेही तसेच केले. महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी लेख देताना तिने शेवटच्या स्पर्धेची तारीख, झेंडा आणि पाचही जणींची नावे लिहिली आणि खाली वहीतला सातवा, नव्याने आखलेला रकाना जोडला. त्याचा मथळा होता ‘प्रशिक्षक म्हणून’, आणि तो तिने कोराच ठेवला होता.